मी मुद्दाम पडलो

मी एक जुना डबल बास आहे. हनुवटीखाली धरून वाजवतात ते व्हायोलिन तुम्ही पाहिलं असेल. त्याच घराण्यातला मी, सगळ्यांत थोरला. मला हनुवटीखाली धरायला जाल तर तुमचाच चेंदामेंदा होईल. मी जमिनीवर उभा राहतो, माणसापेक्षा वीतभर उंच, आणि पोट असं की अरुंद दारातून मला तिरकं करूनच न्यावं लागतं. आवाज खर्जातला, स्वभाव तापट. मित्रांनो, माझ्या वयाच्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की उसासे टाकतात. फाटक्या छत्र्या, मोडक्या खुर्च्या, सगळ्या कशा संतासारख्या बोलतात. मला ते जमत नाही. माझं कोणी वाकडं केलं की मी डूख धरून बसतो. एका माणसावर मी असा डूख धरला आणि चारचौघांत त्याची जिरवली, त्याची ही हकीकत आहे.

मला घडवणारा कारागीर राहत्या खोलीतच काम करायचा. माझं पोट थंड डोंगरातल्या झाडाच्या फळ्यांचं आहे. त्या फळ्या त्याने नऊ वर्षं सुकवल्या. मग बाजूच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वाकवल्या आणि सरसाने जोडल्या. चौदा महिने मी त्या खोलीत वाढत होतो. शेवटी शेवटी तर त्याच्या बायकोला चुलीपर्यंत जायला अंग चोरून जावं लागायचं. "आता या घरात एक तर हा राहील, नाही तर मी," असं तिने ठणकावलं, तेव्हा कुठे त्याने कामाला वेग दिला. तारा चढवून त्याने माझा सगळ्यांत खालचा सूर काढला आणि फडताळातल्या कपबश्या थरथरल्या. ती बाई हातातलं काम टाकून खाली बसली आणि म्हणाली, "पुन्हा काढा हो." आयुष्यात मिळालेली ती माझी पहिली दाद.

तिथून मी एका शहरातल्या वाद्यवृंदात आलो आणि तिथलाच झालो. एकूण त्रेचाळीस वादक. व्हायोलिनवाले, बासरीवाले आपापली वाद्यं घरून आणायचे. मी, तीन मोठे ढोल आणि उभ्या तारांची हार्प, आम्ही अवजड मंडळी मात्र सभागृहाच्या मालकीची. आम्हाला रोज घरी कोण नेणार? लोक खास माझं वादन ऐकायला यायचे, असं मी म्हणणार नाही. थापा मारायची मला सवय नाही. पण मी मधेच थांबलो की सगळ्यांना चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं. जेवणात मीठ नसलं की होतं ना, तसं.

मला वाजवणारे पुष्कळ झाले. त्यांतली शेवटची आणि माझी सगळ्यांत लाडकी म्हणजे वहिनी. तिचा नवरा याच वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायचा, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. तो वारला, पण नातं टिकलं. बाई चणीने एवढीशी. उंच स्टुलावर बसून वाजवायची, तेव्हा समोरून तिचं फक्त कपाळ आणि बोटं दिसायची. वाजवण्याआधी ती न चुकता दोन कामं करायची. एक म्हणजे गजाच्या केसांना राळ घासायची, कारण राळ नसेल तर गज तारेवरून नुसता घसरतो, आवाज निघत नाही. दुसरं, माझ्या पायाची रबरी टोपी काढायची. मी एका लोखंडी टोकावर उभा असतो. ते टोक लाकडी जमिनीत रुतलं तरच मी स्थिर राहतो. हे सगळं करताना ती माझ्याशी बोलायची. घरात काय बिनसलं, सासूबाई कोणाला काय बोलल्या, सगळं मला कळायचं.

सासूबाईंबद्दल सांगायलाच हवं. दर कार्यक्रमाला त्या पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर असायच्या. कानाने अधू, पण जीभ अगदी धडधाकट. ऐकू कमी येत असल्यामुळे त्या कुजबुजल्या तरी वरच्या गॅलरीत ऐकू जायचं.

सव्वीस वर्षं आमचं असं छान चाललं होतं. मग नवीन मॅनेजर आला. कपडे असे कडक की बसताना त्यांचाच आवाज यायचा. वादकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव परीटघडी ठेवलं. एका तालमीला तो मागे वही घेऊन उभा राहिला. ढोलवाला आपली पाळी येईपर्यंत बावन्न मात्रा मोजत गप्प बसला होता. ते त्याचं कामच होतं. परीटघडीने वहीत लिहिलं, 'रिकामा बसतो.' मग तो माझ्यापाशी आला, पेनाच्या टोकाने माझ्या पोटावर टकटक केलं आणि वहिनीला म्हणाला, "हे काय करतं नक्की? मघापासून तेच तेच दोन सूर ऐकतोय."

माझ्या तळापासून मस्तकापर्यंत आग गेली. शंभर वर्षांचा मी, आणि हा कालचा माणूस मला पेनाने टोचतो! त्याच दिवशी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

महिन्याभरात फर्मान निघालं. अकरा वादक कमी करायचे. ढोलवाला, हार्पवाली, वहिनी आणि आणखी आठ. त्यांच्या जागी एक खोका आणायचा. कळ दाबली की त्यातून हवे ते सूर निघतात म्हणे, ढोलाचे काय, हार्पचे काय, माझेसुद्धा. बाकीच्या बत्तीस जणांना वाटलं असतं तर ते गप्प बसून आपली खुर्ची सांभाळू शकले असते. पण वयाने सगळ्यांत मोठा असलेला बासरीवाला उठून म्हणाला, "साहेब, अकरा जण जाणार असतील तर त्रेचाळीस जण जातील. आमच्यात अर्धं कोणी नाही."

"मग जा," परीटघडी म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सभागृहाला कुलूप होतं.

वहिनी मला न्यायला आली तेव्हा त्याने तिला दारातच अडवलं. "सभागृहाची मालमत्ता आहे. हात लावायचा नाही."

"निदान कापड तरी घालू द्या त्याच्यावर," वहिनी म्हणाली. "धूळ बसली की तारा खराब होतात."

"बघू आम्ही," तो म्हणाला आणि दार लावलं. मला त्याने मोडक्या दिव्यांच्या खोलीत ढकललं, तेही तोंड भिंतीकडे करून. मित्रांनो, शाळेत तुम्हाला कोणी असं उभं केलं असेल तर तुम्हाला कळेल मला काय वाटलं. फरक एवढाच, की मी काही केलेलं नव्हतं.

खोलीला वर एक लहान झडप होती. तिच्यातून रोज सकाळी मला बाहेरचं वाजवणं ऐकू यायचं. वादक सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून वाजवत होते. व्हायोलिन होती, बासरी होती, सगळं होतं, पण खाली आधार नव्हता. गाणं कसं हवेत लोंबकळत होतं. मी इथे भिंतीकडे तोंड करून, आणि ती सगळी तिथे माझ्याविना. मी रडलो नाही. मी दात ओठ खाल्ले, म्हणजे मला असते तर खाल्ले असते.

आणि मग त्या रस्त्याने काय केलं ते ऐका. हे मला वहिनीने नंतर सांगितलं. समोरच्या लाँड्रीवाल्याने आपलं मागचं अंगण तालमीला दिलं. ओल्या चादरींच्या रांगांमध्ये खुर्च्या मांडून वादक बसायचे. ऊन वाढलं की चादरींची सावली व्हायची. बेकरीवाला मोठं पातेलंभर चहा पाठवायचा. शाळेच्या बाई मुलांना रांगेने ऐकायला घेऊन यायच्या. माझ्या जागी कोण होतं माहीत आहे? सासूबाई! "माझ्या सुनेचं वाद्य कोंडलंय ना, मग मी वाजते," असं म्हणून त्या खुर्चीत बसायच्या आणि काठीने लाकडी पाटावर धम् धम् ताल द्यायच्या. नीट ऐकू येत नसल्यामुळे ताल पार चुकायचा. पण त्यांना थांबवायची कोणाची छाती झाली नाही, बिचारे वादकच त्यांच्या मागे धावायचे.

परीटघडीची तर त्या रस्त्याने पुरती कोंडी केली. तो केस कापायला गेला की न्हाव्याची जेवायची वेळ व्हायची. त्याचे कपडे लाँड्रीतून जसेच्या तसे चुरगळलेले परत यायचे.

"हे काय? इस्त्री नाही?" तो विचारायचा.

"इस्त्री बिघडलीय साहेब," लाँड्रीवाला शेजारच्याच्या शर्टावर इस्त्री फिरवत सांगायचा.

"मग दुरुस्त कधी होणार?"

"त्रेचाळीस जण आत गेले की लगेच."

हळूहळू परीटघडीची घडी विस्कटली. कॉलर पडली, पँटला गुडघे आले. आपल्या कोठडीतून झडपेखाली चालणारी त्याची पावलं मी ऐकायचो. पूर्वी टाक् टाक् वाजणारे बूट आता घासत चालायचे. मला फार बरं वाटायचं. लपवून काय करू?

पण माणूस हट्टी. त्याने बाहेरगावाहून पंधरा वादक बोलावले, खोका आणला आणि मोठा कार्यक्रम जाहीर केला. सभागृह चालवणाऱ्या संस्थेचे विश्वस्त येणार होते. त्यांच्यासमोर त्याला दाखवून द्यायचं होतं, की त्या त्रेचाळीस माणसांवाचून काही अडत नाही. फक्त एक अडचण होती. रंगमंचावर खोका बरा दिसेना. मोठ्या वाद्यवृंदात एक डबल बास हवाच, शोभेला का होईना. म्हणून मला अडगळीतून बाहेर काढलं, पुसलं, आणि एक माणूस माझ्यामागे उभा केला. फर्निचरच्या जाहिरातीत सोफ्याशेजारी उभा राहायचा म्हणे तो. उंच, देखणा, आणि संगीतात शून्य. त्याला सांगितलं होतं, गज नुसता पुढे मागे करायचा. गजाला राळ लावलेली नव्हती, म्हणजे माझा आवाज निघणारच नाही. वाजणार खोका, आणि लोकांना वाटणार मी वाजतोय.

माझ्या तोंडून दुसऱ्याचा आवाज! मित्रांनो, इतका अपमान माझा कधी झाला नव्हता. त्यापेक्षा मला जाळून टाकलं असतं तरी चाललं असतं.

पण परीटघडीने एक चूक केली. वाद्यांची ज्याला काडीची माहिती नाही असाच माणूस ती करू शकतो. विश्वस्तांवर छाप पडावी म्हणून त्याने रंगमंचाची जमीन आरशासारखी पॉलिश करून घेतली, आणि तिच्यावर ओरखडा उठू नये म्हणून बजावलं, "त्या बासच्या पायाची टोपी काढायची नाही." मी ते ऐकलं. आतल्या आत हसलो.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. परीटघडीला आनंद झाला. त्या बिचाऱ्याला काय माहीत, की त्या खुर्च्यांवर सगळा रस्ता येऊन बसलाय! बेकरीवाला, न्हावी, लाँड्रीवाला, शाळेच्या बाई, आणि त्यांच्यामधे बसलेले त्रेचाळीस वादक. वहिनी चौथ्या रांगेत होती. मला पाहून तिने तोंडावर हात ठेवला. पहिल्या रांगेत कडेला सासूबाई.

पहिली रचना संपली. परीटघडी हसत पुढे आला आणि वाकला. एकही टाळी पडली नाही. चारशे माणसं हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होती, बस्स. कोणी खोकलंही नाही. तो वाकलेलाच राहिला. मग सरळ झाला, पुन्हा एकदा वाकला, आणि घाम पुसत विंगेत गेला. हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं, पण माझं मी ठरवलं होतं.

दुसऱ्या रचनेत मधे एक जागा येते. सगळे थांबतात आणि फक्त डबल बास चालू राहतो, संथ, खोल. ती जागा आली. खोका घुमू लागला. सोफ्याशेजारचा तो देखणा माणूस डोळे मिटून, मान हलवत गज फिरवू लागला. मी चौथ्या रांगेत पाहिलं. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती तिची जागा होती. सव्वीस वर्षं तीच ती वाजवत आली होती.

मी मनात म्हटलं, आता. आणि पाय सोडला.

रबरी टोपी त्या गुळगुळीत जमिनीवरून सर्रकन सरकली. त्या माणसाने मला धरायला पाहिलं, पण मला धरायचं कुठे हे त्याला कुठे माहीत होतं? मी आडवा झालो. धाडकन! माझी मान पॉलिशवर आपटली आणि कडकन मोडली. तारा सुटून इकडे तिकडे उडाल्या. आणि मित्रांनो, मी तिथे मान मोडून पडलेला असताना, डबल बासचा आवाज मात्र येतच होता. संथ, खोल, एकही सूर न चुकता.

तेवढ्यात सासूबाई शेजारणीच्या कानात कुजबुजल्या.

"अगं, तो तर आडवा पडलाय. मग वाजतंय कोण?"

वरच्या गॅलरीतून पहिलं हसू फुटलं. मग मधल्या रांगांतून. मग सगळं सभागृह हसू लागलं. विश्वस्तांतले एक गृहस्थ रुमालात तोंड खुपसून हसत होते. बाहेरगावचे वादकसुद्धा वाद्यं खाली ठेवून हसत होते. परीटघडी खोका बंद करायला धावला, पण कळ कुठली हे त्याला सापडेना. तो एक दाबायचा, की ढोल सुरू व्हायचे. दुसरी दाबायचा, की हार्प. शेवटी त्याने वायर उपटली तेव्हा कुठे माझा तो खोटा आवाज गप्प झाला. मान मोडल्याचं दुःख मला त्या क्षणी मुळीच नव्हतं. त्याच्या तोंडाचा रंग उडालेला बघत मी पडून होतो, आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा कार्यक्रम होता.

हसली नाही ती फक्त वहिनी. ती खुर्च्यांमधून वाट काढत रंगमंचावर आली, खाली बसली आणि माझी मोडलेली मान तिने मांडीवर घेतली.

दोनच दिवसांत विश्वस्तांनी वादकांना बोलावलं. फर्मान मागे घेतलं. अकरा नाही, एकही कमी नाही, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जण परत. खोका आला तसा गेला. परीटघडीने महिनाअखेरीस जायचं असं ठरलं. "आणखी काही?" विश्वस्तांनी विचारलं. बासरीवाला म्हणाला, काही नाही. तेव्हा आयुष्यात कधी कोणाला दुखावून न बोललेली वहिनी उभी राहिली. "एक आहे," ती म्हणाली. "माझं वाद्य दुरुस्तीला न्यायचंय. ते साहेबांनी स्वतः न्यावं. गाडी नाही. हातांनी."

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांचं दुकान रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. परीटघडीने मला मिठी मारून उचललं आणि पायऱ्या उतरू लागला. दोन्ही बाजूंना सगळा रस्ता उभा होता. कोणी शिवी दिली नाही, कोणी बोट दाखवलं नाही, नुसते बघत होते. मी जेवढा आहे तेवढा जड झालोच, वर आणखी थोडा झालो. माझी मोडकी मान त्याच्या खांद्यावर आपटत होती. लाँड्रीसमोर तो दम खायला थांबला, तेव्हा लाँड्रीवाल्याने अदबीने बाजूला होऊन वाट दिली. बेकरीसमोर पुन्हा थांबला. चुरगळलेला शर्ट पाठीला चिकटला होता. त्याला पुढे काय आहे ते माझ्यामुळे दिसत नव्हतं, आणि कोणी सांगतही नव्हतं.

काकांनी मला टेबलावर आडवं ठेवून बोटांनी सगळीकडे चाचपलं. "मान जोडता येईल," ते वहिनीला म्हणाले. "पण पोरी, पोटाची फळीही तडकलीय. वाजेल, पण पहिल्यासारखा नाही वाजायचा." वहिनीने मान हलवली आणि दाराकडे जाऊन पाठमोरी उभी राहिली. काका सरस तापवायला आत गेले. परीटघडी तिथेच रेंगाळला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वहिनीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "चुकलं माझं."

त्याला खरोखर वाईट वाटत होतं, हे मला लाकडातून कळलं. माणसाचा हात खोटं बोलला तर आम्हाला समजतं. हा खोटं बोलत नव्हता. आणि तरीही मी त्याला माफ केलं नाही.

पाच महिन्यांनी मी पुन्हा रंगमंचावर आलो. त्या दिवशी लोक खास माझ्यासाठी आले, मी येताच उभे राहिले, टाळ्या थांबेचनात. वहिनी अजून मलाच वाजवते. तिला नवा डबल बास देऊ केला होता, तिने घेतला नाही. पण जो सूर ऐकून कारागिराची बायको हातातलं काम टाकून बसली होती, तो सगळ्यांत खालचा सूर आता घरघरतो. ती जागा आली की वहिनी गज हलका करते, घरघर कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. ऐकणाऱ्यांना कळत नाही. तिला कळतं, आणि मला कळतं. पडलो मी मुद्दाम, हे तिला मात्र माहीत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा पडेन.

तेव्हा मित्रांनो, माझी एवढीच विनंती. ज्यातलं आपल्याला कळत नाही त्याला 'रिकामं बसलंय' म्हणू नका. दुसऱ्याच्या हातातलं काम हिसकावून घेऊ नका. आणि तुमच्याकडून काही मोडलंच, तर माफी मागा, पण कुजबुजून मागू नका. जिचं मोडलं ती बाई पाठमोरी उभी असेल, तर तिला वळेपर्यंत थांबा, आणि तिच्या तोंडावर मागा.